बंगडा, सुरमई आणि पाऊण तास: कोल्हापूरच्या ओट्यावरचं जपानी जेवण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवराबायको दोघंही नोकरीला, सव्वासातला घरी, साडेआठला ताटं मांडायची. मुलीला कार्टूनमध्ये बघितलेलं जपानी माशाचं जेवण हवंय. महागड्या बाटल्या आणणं जिवावर आलं म्हणून सोया सॉस आणि साखर घालून सुरमई केली, तर ती ना तळलेली ना शिजलेली, गोडसर पाण्यात बुडालेली निघाली. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि चटणीची बरणी पुढं ओढली. चुकलं कुठं, आणि मिरिन-साके या तांदळाच्या जपानी दारूंवाचून हे जमतं का?

जमतं. मी मुंबईत एका जपानी हॉटेलच्या किचनमध्ये चार वर्षं होते आणि आता पंधरा वर्षं कोल्हापुरात ऑर्डरचं जेवण करते. मिरिनची बाटली माझ्याकडं असते, पण घरच्या जेवणाला मी ती क्वचितच उघडते. तुमची सुरमई बाटलीवाचून बिघडलेली नाही, पाण्यानं बिघडली.

आपल्याकडं माशातलं पाणी वाया जात नाही. तुकडी तांबड्या रश्श्यात सोडली की तिचं पाणी रश्श्यात उतरतं आणि रस्साच गोड लागतो. त्यामुळं मासा धुतला, निथळला न निथळला, मीठ-हळद लावली आणि टाकला, ही आपल्या हाताला लागलेली सवय. तव्यावर तीच सवय घात करते. तुकडीवर पाणी आहे तोवर त्या जागेची उष्णता शंभर अंशांच्या वर सरकत नाही, आणि खरपूस रंग यायला दीडशेच्या आसपास जावं लागतं. म्हणजे मासा भाजत नाही, वाफवतो. वर तुम्ही पातळ सोया-साखरेचं पाणी ओतलंत. आतून सुटणारं पाणी आणि वरून ओतलेलं पाणी यात बिचाऱ्या सुरमईनं काय करावं?

म्हणून पहिलं काम मिठाचं. अर्धा किलो माशाला चहाचे दीड ते दोन सपाट चमचे मीठ, दोन्ही बाजूंनी, जरा उंचावरून भुरभुरायचं म्हणजे सगळीकडं सारखं पडतं. ताटली तिरकी ठेवून वीस मिनिटं विसरून जायचं. परत बघाल तेव्हा ताटलीच्या खालच्या कडेला चमचा-दोन चमचे गढूळ पाणी जमलेलं असेल. ते टाकून द्या, त्यातच माशाचा उग्र वास असतो. मासा मेल्यावर त्याच्यात ट्रायमिथिलअमाइन नावाचं द्रव्य तयार व्हायला लागतं, वास त्याचा. मीठ ते पाण्याबरोबर बाहेर ओढतं, आणि लिंबू, कोकम, चिंच हे आंबट पदार्थ त्याला बांधून टाकतात. म्हणजे कोकणातल्या आजीनं आमसूल टाकलं काय आणि जपानी माणसानं भाजलेल्या माशावर लिंबू पिळलं काय, कारण एकच. यानंतर तुकडी जुन्या सुती पंचाच्या तुकड्यानं टिपून घ्यायची. पुसायची नाही, टिपायची. कापड दाबूनही ओलं झालं नाही, की मासा तव्यावर जायला तयार. एवढं एक केलंत तरी तुमच्या मागच्या वेळच्या तक्रारीतली निम्मी तक्रार संपेल.

आता मासा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण कोल्हापूर समुद्रावर नाही. रत्नागिरीहून आंबा घाट चढून सव्वाशे-एकशे तीस किलोमीटर, मालवणकडून आला तर फोंडा किंवा गगनबावड्याच्या बाजूनं, म्हणजे मासा बर्फात कित्येक तास काढूनच आपल्यापुढं येतो. त्यात वाईट काही नाही, बर्फ नीट असला तर. दुकानात डोळे आणि कल्ले सगळेच बघतात. मी बर्फ बघते. मासा बर्फाच्या चुऱ्यात गाडलेला आहे, की नुसता बर्फाच्या लादीवर शोभेला मांडलाय आणि वरून पंखा चालू आहे? पोटाशी बोट दाबा. मऊ पडलेलं, फाटायला आलेलं पोट असेल तर भाव कितीही उतरला तरी नको. बुधवार, शुक्रवार, रविवार आपल्याकडं खाणाऱ्यांचे वार, त्या दिवशी माल येतो आणि संपतो. सोमवारी किंवा गुरुवारी स्वस्तात मिळणारा बंगडा कालचा-परवाचा उरलेला असण्याचीच शक्यता जास्त.

बंगड्याच्या बाबतीत हे नुसतं चवीपुरतं नाही. बंगडा, सुरमई, कुपा ही एकाच कुळातली मासळी आणि यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन नावाचं त्रासदायक द्रव्य करतात. एकदा ते तयार झालं की शिजवून, तळून, लिंबू पिळून, कशानंही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते, आणि माणूस म्हणतो मला माशाची अॅलर्जी आहे. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि चूक माझीच होती. ऐन मे महिन्यात सकाळी बंगडे घेतले, स्कूटरच्या डिकीत टाकले आणि दोन-तीन कामं उरकत दुपारी घरी गेले. वासाला काही कळलं नाही. रात्री जेवणाऱ्या पाहुण्यांपैकी दोघांचे चेहरे टोमॅटोसारखे झाले, एकाला दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून मी मासळी आणायला जाते तेव्हा थर्मोकोलचा छोटा डबा आणि घरचा बर्फ बरोबर असतो. लोक हसतात, हसू देत.

तुम्ही दोघं नोकरीला, म्हणजे सकाळी आणलेला मासा संध्याकाळपर्यंत ठेवायचा. साफ करून, टिपून कोरडा करून, डब्यात जाळीवर ठेवून फ्रीजच्या सगळ्यात गार कप्प्यात, भोवती बर्फाची पिशवी. पाण्यात बुडवून ठेवू नका, पुन्हा तेच पाणी आत जातं. रविवारी जास्त आणून फ्रीजरमध्ये टाकायचा असेल तर एकेक तुकडी घट्ट गुंडाळून ठेवा आणि आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढा. गोठवलेला मासा सुटताना दुप्पट पाणी सोडतो, तेव्हा मिठाची वीस मिनिटं त्याला जास्तच गरजेची.

कापून घेताना तोंड उघडायला लाज वाटू देऊ नका. आपल्याकडं विळीवर बसलेल्या माणसाला काही सांगितलं नाही तर तो बंगड्याचे आडवे तीन गोल तुकडे करून मोकळा होतो, कारण ते रश्श्याला लागतात. त्याला म्हणायचं, "मामा, मधला काटा सोडवून दोन उभे भाग करा, आणि डोकं-काटा टाकू नका, वेगळा द्या." जपानी लोक याला सानमाइ ओरोशी म्हणतात, म्हणजे माशाचे तीन भाग: दोन मांसाचे आणि एक काट्याचा. पहिल्या वेळी माझ्या मासेवाल्यानं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी माशाचं लग्नच ठरवायला आले आहे. आता तो मला बघितलं की न सांगता उभा चिरतो. सुरमईचं मात्र उलटं, तिला आडवे कापच बरे, पण दोन सेंटिमीटर जाड सांगा. बारीक काप घेतलेत तर वरचा रंग येईपर्यंत आतला मासा भुसा होतो.

बंगड्यापासून सुरुवात करा असं माझं म्हणणं आहे, सुरमईपासून नाही. जपानमध्ये साबा म्हणून जो मासा घराघरात खातात तो आपल्या बंगड्याचा चुलतभाऊ, थोडा जास्त तेलकट. त्याचा सगळ्यात साधा प्रकार शिओयाकी. शिओ म्हणजे मीठ, याकी म्हणजे भाजलेलं. यात सोया सॉस नाही, साखर नाही, आलं-लसूण नाही. मीठ लावून टिपलेल्या उभ्या भागाच्या कातडीवर तिरक्या दोन-तीन उथळ चिरा पाडायच्या, नाहीतर तापल्यावर कातडी आखडते आणि तुकडा होडीसारखा वाकतो. जपानी घरांत शेगडीलाच मासा भाजायचा छोटा खण असतो. आपल्याकडं तो नाही, पण बिडाचा तवा आहे, आणि तो या कामाला कुठंही कमी पडत नाही.

तवा मध्यम आचेवर चांगला तापू द्या, चमचाभर तेल फिरवा, मासा कातडीची बाजू खाली करून ठेवा आणि पहिलं अर्धं मिनिट उलथन्यानं हलकं दाबून धरा. मग हात काढून घ्या. इथंच सगळे चुकतात. दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. कातडी चिकटलेली असेल तर ती झालेली नाही. झाली की ती आपण होऊन तवा सोडते. साधारण चार मिनिटं लागतात. कडेनं मांस पांढरं होत वर चढताना दिसतं, ते तीन चतुर्थांश चढलं की उलटायचं आणि दुसऱ्या बाजूनं एक, फार तर दीड मिनिट. बस. पन्नास माणसांच्या ऑर्डरीतसुद्धा मी बंगड्याला यापेक्षा जास्त वेळ देत नाही.

चिकटण्याची भीती असेल तर तव्यावर बेकिंगचा कागद टाकून त्यावर भाजतात, जपानमध्येही पुष्कळजण तसंच करतात. पण वाण्याकडं जो पातळ बटर पेपर म्हणून मिळतो तो चालणार नाही, तो गुंडाळायचा कागद, तव्यावर जळतो. केक भाजायचा कागद घ्या, आणि त्याची कड आचेबाहेर लोंबू देऊ नका.

आता तुमची सुरमई. तुम्ही जे करायला गेलात त्याचं नाव तेरियाकी. तेरी म्हणजे चकाकी. नावातच सांगितलंय की मासा शेवटी चकाकला पाहिजे, डुंबला नाही. तिकडं सोया सॉस, मिरिन, साके आणि थोडी साखर असा मेळ असतो. मिरिन ही तांदळाची गोड दारू. तिचं काम गोडवा आणि चकाकी द्यायचं, आणि आपण ज्या गावात राहतो तिथं गोडव्यासाठी जपानकडं बघायची गरज नाही. गूळ वापरा. साखरेपेक्षा गुळाचा रंग आणि खोली सोया सॉसला जास्त शोभते, हे माझं मत आहे आणि मुंबईतल्या माझ्या जुन्या शेफला ते अजिबात पटणार नाही. चार तुकड्यांना पोह्याचे तीन चमचे सोया सॉस, दोन चमचे किसलेला गूळ, तीन चमचे पाणी, चमचाभर आल्याचा रस आणि अर्धा चमचा व्हिनेगर. गूळ आधी त्या पाण्यात विरघळवून चहाच्या गाळणीनं गाळून घ्या. कितीही चांगल्या गुऱ्हाळाचा असला तरी तळाला चिमूटभर माती-चिपाड निघतंच.

सोया सॉसची बाटली घेताना मात्र दोन मिनिटं लेबल वाचा. चायनीजच्या गाडीवरचा काळा दाट सॉस म्हणजे बऱ्याचदा कॅरामलचा रंग आणि मीठ. त्यानं मासा डांबरासारखा होतो. घटकांत सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच लिहिलेलं आणि आंबवून केलेलं असेल तर तो घ्यायचा. कोजी नावाची बुरशी सोयाबीन आणि गव्हावर वाढवून तो महिनोन्महिने मुरवलेला असतो, म्हणून त्याला चव असते. एकाच बाटलीवर पैसे घालायचे असतील तर या बाटलीवर घाला. बाकी काही नसलं तरी चालतं.

कृती अशी: सुरमईला मीठ कमी, फक्त अर्धा चमचा, कारण सॉसमध्ये आहेच. दहा-पंधरा मिनिटांनी टिपून घ्या. चाळणीतून तांदळाचं पीठ अगदी झिरझिरीत भुरभुरवा आणि जास्तीचं झटका. कोकणी तळणीसारखा रवा नको, इथं कवच नको आहे, सॉसला धरायला जागा हवी आहे. दोन चमचे तेलात पहिली बाजू तीन-चार मिनिटं, दुसरी दोन. मग तवा तिरका करून तेल कापडानं टिपून काढा. तेल राहिलं तर सॉस मासा सोडून तेलावरच तरंगत राहतो. आता सॉस ओता. तो लगेच उकळेल. आधी बुडबुडे बारीक आणि पाणचट असतात, मिनिटभरात मोठे, जाड, चकाकते होतात. तोवर चमच्यानं सॉस उचलून माशावर घालत राहायचं. बुडबुडे मोठे झाले की गॅस बंद. सॉस गार होताना आणखी घट्ट होतो, आणि गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो, म्हणून "अजून थोडं" म्हणायचा मोह आवरा. जास्त घट्ट झालाच तर चमचाभर गरम पाणी घालून तवा हलवा, सुधारतो.

आता ज्या डोक्या-काट्याची पुडी तुम्ही मामांकडून मागून घेतलीत त्याचं. ओसाकामध्ये सेंबा नावाची व्यापाऱ्यांची पेठ होती. तिथल्या काटकसरी दुकानदारांच्या घरी खारवलेल्या साबा माशाचं डोकं आणि काटा मुळ्याबरोबर उकळून सूप करत, त्याला सेंबाजिरू म्हणतात. हे सूप कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगायला मला कधी अडचण आली नाही, कारण आपल्याकडं अळणी आहे. मटण शिजलं की मसाला पडायच्या आधीचं ते पाणी वाटीत घेऊन, मीठ बेताचं घालून पिणारा माणूस जपानी सूपच्या सगळ्यात जवळ पोचलेला असतो. ही माशाची अळणी समजा.

काट्याला मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवा. मग चाळणीत घालून वरून उकळतं पाणी ओता आणि गार पाण्याखाली रक्ताच्या गुठळ्या, काळी पातळ त्वचा बोटानं काढून टाका. कल्ले आधीच काढलेले हवेत, नाहीतर सूप कडू होतं. हा उकळत्या पाण्याचा आंघोळीचा भाग टाळलात तर सूपला असा वास येईल की शेजारी विचारायला येतील. चार वाट्या पाण्यात काटा, आल्याच्या चार चकत्या आणि पातळ चिरलेला मुळा घालून मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं. खळखळून उकळू द्यायचं नाही, वर येणारा फेस काढत राहायचा. मुळा पारदर्शक झाला की काटा काढा, चव बघून मीठ घाला, सोया सॉसचे चार थेंब आणि वाढताना लिंबू. हळद नको, जिरं नको, कोथिंबीरही नको. पहिल्यांदा करताना हात शिवशिवतो, मला माहीत आहे.

ज्या दिवशी सुरमई असेल आणि काटा नसेल त्या दिवशी सुकट काढा. जपानी लोक छोटे सुके मासे डोकं-पोट काढून पाण्यात भिजवतात आणि त्याच पाण्याचं सूप करतात. आपल्या डब्यातली सुकी मांदेली तेच काम करते, फक्त आपली मासळी खारी असते म्हणून आधी धुऊन घ्यायची आणि मीठ शेवटी, चाखून. सूपला जो भरीवपणा येतो त्याला ते उमामी म्हणतात. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळं करून दाखवलं आणि या चवीला नाव दिलं. टोमॅटोतही ग्लुटामेट असतं. म्हणून मांदेलीच्या पाण्यात पिकल्या टोमॅटोची एक फोड दहा मिनिटं टाकून काढून घेतली तर कोंबू नसल्याचं फारसं जाणवत नाही. ही शास्त्रशुद्ध जपानी पद्धत नव्हे, ओट्यावरची युक्ती आहे.

भात. मुलीला काड्यांनी खायचं असणार, तेव्हा बासमती बाजूला ठेवा. इंद्रायणी घ्या, ती चिकट होते आणि काडीत गोळा उचलता येतो. आजरा घनसाळ वासाला राजा आहे, पण या जेवणात तो वासच माशाशी भांडतो. घनसाळ दुसऱ्या दिवशी साध्या वरणाबरोबर खावा. एक वाटी तांदूळ चार पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवा, निथळून घ्या, सव्वा वाटी पाणी घालून जाड बुडाच्या पातेल्यात झाकण लावून चढवा. उकळी आली की आच अगदी मंद, बारा मिनिटं, मग गॅस बंद आणि दहा मिनिटं झाकण न उघडता. नवा तांदूळ असेल तर पाणी दोन चमचे कमी. मीठ नाही, तूप नाही. सासूबाई विचारतील, सांगा की मीठ माशात आहे.

सोबतीला काकडी. पातळ चकत्या, चिमूटभर मीठ, पाच मिनिटांनी पिळून दोन चमचे व्हिनेगर आणि एक चमचा साखर. कोशिंबीरच ती, शेंगदाण्याचं कूट वजा करून. आणि बंगड्याबरोबर किसलेला मुळा हवाच. पानाकडची बाजू गोड असते, शेंड्याची झोंबते, तेव्हा मुलीसाठी वरचा भाग किसा आणि स्वतःसाठी खालचा. हलक्या हातानं पिळून डोंगरासारखा ठेवायचा, वर सोया सॉसचे दोन थेंब. तेलकट बंगड्याच्या प्रत्येक घासाबरोबर चिमूटभर घेतलं की तोंड साफ होतं.

वेळेचं गणित असं बसतं. सव्वासातला घरात शिरल्यावर चप्पल काढायच्या आधी नाही, पण हात धुतल्या धुतल्या तांदूळ भिजवायचा आणि माशाला, काट्याला मीठ लावायचं. दहा मिनिटांचं काम. मग चहा प्या, अंघोळ करा, मुलीचा अभ्यास बघा. पावणेआठला भात आणि सूप दोन शेगड्यांवर. ते होईतो काकडी आणि मुळा. आठ वाजून दहा-पंधरा मिनिटांनी, भात झाकून ठेवलेला असताना, तवा. मासा नेहमी शेवटी, सगळे ताटावर बसल्यावर. थांबलेला मासा पुन्हा पाणी सोडतो आणि कातडी लोळागोळा होते. आमच्या ऑर्डरींत मला सगळ्यात जास्त राग येतो तो "मासा आधी करून ठेवा, पाहुणे येतायत" म्हणणाऱ्यांचा.

सासूबाईंचा प्रश्न मात्र खरा आहे, त्याला हसून चालणार नाही. आयुष्यभर झणझणीत खाल्लेल्या जिभेला हे जेवण आजाऱ्याचं वाटतं. पण जपान्यांकडंही वरून भुरभुरायची तिखट पूड असते, शिचिमी, सात जिनसांची. तिच्यातला एक जिन्नस सान्शो, आणि तो आपल्या तिरफळाचा सख्खा नातेवाईक, जिभेला तशीच झिणझिणी आणणारा. कोकणातलं कोणी ओळखीचं असेल तर तिरफळं मिळतीलच. बी काढून टाकायची, टरफलंच घ्यायची. चार-पाच तिरफळांची टरफलं, दोन संकेश्वरी मिरच्या, दोन चमचे भाजलेले पांढरे तीळ, एक चमचा खसखस, वाळवलेल्या संत्र्याच्या सालीचा बोटभर तुकडा. सगळं कोरडं भाजून जाडसर कुटा. ही पूड सासूबाईंच्या ताटात बाजूला ठेवा आणि त्यांना सांगा, चटणी हवी असेल तर ही घ्या. आमच्या आत्यांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं होतं. आता त्या हीच पूड पिठल्यावर घालतात. आणि तरीही कांदा-लसूण चटणीच मागितली तर देऊन टाका, फक्त तेरियाकीवर नको, साध्या मीठाच्या बंगड्यावर. तिथं ती खरंच बरी लागते, हे मी जपानी माणसासमोर कबूल करणार नाही.

बाकी मासळीबद्दल थोडक्यात. पापलेट मिठात भाजायला उत्तम, पण भाव बघता त्याचं एवढं कौतुक मला पटत नाही. रावसाला इंडियन सामन म्हणतात, त्याचा सामनशी काही संबंध नाही, पण तेरियाकीला छान. फ्रीजरमधला बासा नको, तो पाण्याचाच गोळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा समुद्राचा ताजा मासा म्हणून कोणी सांगितलं तर विचार करून घ्या. त्या दिवसांत धरणाचा कटला-रोहू मिळतो, पण त्यांच्या बारीक दुबेळकी काट्यांमुळं उभे भाग करून भाजण्यात अर्थ नाही, आणि त्यांना गाळाचा वास असतो, तो लिंबानं कमी होतो, जात नाही. त्यापेक्षा मरळ मिळाली तर घ्या, काटे कमी. तिचे तुकडे आलं, सोया सॉस आणि गुळाच्या पाण्यात थेट शिजवायचे. जपानी लोक शिजवताना चवी घालायचा क्रम त्यांच्या बाराखडीतल्या सा-शि-सु-से-सो वरून लक्षात ठेवतात: साखर, मीठ, व्हिनेगर, सोया सॉस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा घट्ट गोळा). गोड आत मुरायला वेळ लागतो म्हणून ते आधी, आणि सोया-मिसोचा वास उडतो म्हणून ते शेवटी. सातो म्हणजे साखर, त्यामुळं पहिलं अक्षर आपल्यालाही पाठ करावं लागत नाही.

मुलगी एक दिवस कच्च्या माशाचं विचारणारच. नाही म्हणा. कच्चा खायचा मासा पकडल्यापासून वेगळ्या शिस्तीनं हाताळलेला असतो, आणि त्यातल्या कृमी मारायला उणे वीस अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो. घरचा फ्रीजर तिथं खात्रीनं पोचत नाही. आणि बाजारात तासन् तास बर्फावर असलेल्या बंगड्याचं तर मी वर सांगितलंच. नदीचा किंवा धरणाचा मासा कच्चा, कुणीही दिला तरी, तोंडात घालायचा नाही.

उरलेली तेरियाकी सकाळी डब्यात न्यायची असेल तर काटे काढून कुस्करा, गरम भातात कालवा आणि मिठाच्या पाण्यानं ओल्या केलेल्या हातांनी घट्ट मुटके वळा. उरलेला बंगडा मात्र रात्रीच संपवा: वाटीत थोडा भात, वर कुस्करलेला मासा, आणि त्यावर कढत अळणी. चमच्यानं खा, काड्या बाजूला ठेवा.